सगळं बीज लीलाबाईच्या बोडीत

माझ्या चुका मी कधी लपवल्या नाहीत, कारण त्या लपण्याजोग्या नसत. सुताराचं टेबल डुगडुगलं तर पायाखाली कागदाची घडी सारता येते. माझा प्रोग्राम डुगडुगला की त्याचा आवाज चंद्रपूरपासून आरमोरीपर्यंत जायचा.

मी प्रोग्रामर. आमच्या भागात या शब्दाचा अर्थ ‘प्रिंटर बंद पडल्यावर बोलवायचा माणूस’ असा होतो. जटपुरा गेटजवळ एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर माझी खोली होती. तिथं बसून मी तीस वर्षं रोपवाटिका, भातगिरण्या, शाळा, मंगल कार्यालयं, ज्याला जे हवं त्याला ते बनवून दिलं. शिक्षण म्हणाल तर एक जाड पुस्तक आणि पुष्कळ हिंमत. त्यातलं पुस्तक अर्धंच वाचून झालं.

त्या अर्ध्या पुस्तकात मला एक युक्ती सापडली होती आणि मी तिच्या प्रेमात पडलो होतो. सांगतो, घाबरू नका. प्रोग्राम म्हणजे यंत्रासाठी आधीच लिहून ठेवलेल्या सूचना. पण एक आडवाटही असते. यंत्राच्या हातात ऐन वेळी चिठ्ठी द्यायची आणि सांगायचं, ‘बाबा रे, हे वाच आणि यात जे लिहिलं असेल ते कर.’ चिठ्ठीत काय आहे ते यंत्र तपासत नाही. आज्ञा म्हटली की आज्ञा. जाणते लोक या वाटेनं जात नाहीत. मी मात्र तिथं घरच बांधलं होतं.

पहिला फटका चिमूरकडच्या एका रोपवाटिकेत बसला. तिथं रोपांचं वय लिहायला मी एक रकाना दिला होता आणि त्यात जे लिहाल ते चिठ्ठी करून यंत्राला वाचायला द्यायचो, म्हणजे कुणी बेरीज लिहिली तर उत्तर आपोआप यावं. केवढा मी हुशार! तिथल्या वनरक्षकानं बांबूच्या रोपांसमोर ‘१०-१२’ असं लिहिलं. दहा-बारा महिन्यांची रोपं. यंत्रानं चिठ्ठी वाचली, दहातून बारा वजा केले आणि छापलं, वय उणे दोन महिने.

वनरक्षकाचा फोन आला. “सर, हे रोपं दोन महिन्यानं जन्मनार हायेत का? कारन मी तं आत्ता त्याईले पानी देऊन राह्यलो.”

मी म्हणालो, तुम्ही मधे आडवी रेघ देऊ नका. म्हणजे चूक माझी आणि सवय त्यानं बदलायची. हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण असल्याच एका वाक्यानं पुढे मी एका बाईची बोडी घालवायच्या बेतात होतो.

आरमोरी भागातल्या तेवीस मच्छीमार संस्थांचा मिळून एक संघ आहे. प्रत्येक संस्थेकडे एकेक तलाव किंवा बोडी. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला पाळ घालून अडवलेलं छोटं तळं. धान जगवायला बांधलेलं, पण त्यात रोहू-कतलाही वाढतात. दर पावसाळ्यात बोटाएवढी पिल्लं, ज्यांना सगळे नुसतं ‘बीज’ म्हणतात, पाण्यानं आणि प्राणवायूनं फुगवलेल्या प्लास्टिकच्या थैल्यांतून येतात. थैलीतला प्राणवायू काही तासांचाच. गाडी चुकली, ऊन वाढलं, तर थैलीत पांढरी पोटं वर.

तेविसावी संस्था लीलाबाईची. ढिवर समाजातल्या अकरा बायका. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तलावातली मासोळी टोपलीत घेऊन गावोगाव विकलेल्या. त्यांनी अर्ज करकरून गावची बोडी मागून घेतली होती. ती आधी गोमाजीभाऊंच्या संस्थेकडे होती. गोमाजीभाऊ म्हणजे भारदस्त मिश्यांचे अध्यक्ष. त्यांच्या संस्थेकडे मोठा तलाव होताच, पण हातची बोडी गेल्याचं त्यांना लागलं होतं. संघानं ठरवलं, बायकांना एक हंगाम देऊन बघू. काही तक्रार आली तर बोडी परत गोमाजीभाऊंकडे.

आणि त्याच हंगामात संघाच्या सचिवांना, विलासरावांना, कॉम्प्युटरची हौस आली.

मी बनवलेली वस्तू दिसायला देखणी होती. विलासरावांच्या पडद्यावर ‘नवा तलाव’ दाबलं की एक हिरवा चौकोन उगवायचा. तेवीस वेळा दाबलं, तेवीस चौकोन. बीजाची गाडी भरली की ज्या तलावाची असेल त्याचा चौकोन दाबायचा. लगेच त्या संस्थेच्या अध्यक्षाला फोन जाणार आणि गाडीच्या ड्रायव्हरला गावाचं नाव. पुष्कळांना मेसेज वाचायचा कंटाळा, म्हणून फोनवर बोलणारा आवाज ठेवला. आवाज माझाच. खास शुद्ध भाषेत, घसा साफ करून: “नमस्कार. आपले मत्स्यबीज मार्गस्थ झाले आहे.”

चाचणीच्या दिवशी गोमाजीभाऊंनी ते ऐकलं आणि गंभीर होऊन विचारलं, “कोन गेलं जी?”

चाचणी मी पुष्कळ केली, ते खोटं नाही. प्रत्येक वेळी नवा चौकोन बनवायचो आणि तो दाबून बघायचो. बरोबर फोन जायचा. पुढचा बनवायचो, तो दाबायचो. बरोबर. तेवीसच्या तेवीस पास. मी खूश होऊन बसस्टँडवर दोन प्लेट आलूबोंडे खाल्ले आणि चंद्रपूरची गाडी धरली.

बीजाच्या पहिल्या दिवशी विलासरावांनी सकाळी तीन गाड्या भरल्या. एक गोमाजीभाऊंची, एक दुसऱ्या एका संस्थेची, एक लीलाबाईची. ड्रायव्हर बाहेरचे, रस्ते न कळणारे, फोनवर येईल त्या गावाला जाणारे. विलासरावांनी एकेक चौकोन दाबला आणि पान खायला गेले.

तिन्ही गाड्या लीलाबाईच्या बोडीवर पोचल्या.

पाळीवर लीलाबाई आणि तिच्या बायका पदर खोचून उभ्या होत्या. पहिली गाडी आली, आनंद झाला. दुसरी आली, बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तिसरी आली तेव्हा लीलाबाई ड्रायव्हरला म्हणाली, “भाऊ, हे बोडी हाय. समुंदर नाई.”

ड्रायव्हर म्हणाला, “हमको फोन आया, हम आ गये.” आणि भराभरा थैल्या उतरवून तिघंही निघून गेले, कारण त्यांना दुसरी भाडी होती.

ऊन चढत होतं. विलासरावांचा फोन टेबलावर आणि विलासराव पानठेल्यावर. लीलाबाईनं काय केलं ते ऐका. तिनं एकही थैली फोडली नाही. सगळ्या थैल्या तशाच बंद, बोडीच्या करंजीच्या सावलीतल्या पाण्यात तरंगत ठेवल्या, म्हणजे गार राहतील. एका जुन्या, पिवळ्या काठाच्या निळ्या लुगड्याच्या चिंध्या करून दुसऱ्या गाडीच्या प्रत्येक थैलीला निळी चिंधी बांधली, तिसरीच्या थैल्यांना पिवळी. आणि मग, आज त्यांचीही गाडी यायची होती हे ठाऊक असल्यानं, स्वतः गोमाजीभाऊंना फोन लावला, “भाऊ, तुमचं बीज इथी येऊन पडलं. लवकर या.”

गोमाजीभाऊ निघाले आणि निघता निघता त्यांनी मला फोन केला. मी तेव्हा दाढी करत होतो.

“तुमच्या मशिनीनं माहं बीज त्या बाईकडे कसं काय धाडलं?”

आणि मी, गालाला साबण लावलेला थोर माणूस, क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “मशीन चुकत नसतं भाऊ. कुणीतरी चुकीचं बटन दाबलं असेल.”

आमच्या धंद्यात हे वाक्य तोंडात तयारच असतं. मी ते शेकडो वेळा बोललो असेन. पण त्या दिवशी ते वाक्य मोटारसायकलवर बसून बोडीवर गेलं. तिथं गोमाजीभाऊंनी स्वतःच्या थैल्या लीलाबाईच्या पाण्यात तरंगताना पाहिल्या आणि त्यातल्या एका थैलीतलं बीज उलटंही झालं होतं. झालं! ‘कुणीतरी चुकीचं बटन दाबलं’ याचं दुपारपर्यंत ‘बाईनं बटन दाबून बीज पळवलं’ झालं. निळ्या-पिवळ्या चिंध्या सोडून तिनं ज्याचं त्याला सगळं बीज मोजून हवाली केलं, ते कुणी सांगेना. गोमाजीभाऊंची लेखी तक्रार गेली. चार दिवसांनी संघाची सभा ठरली. विषय एकच, बोडी.

दुसऱ्या दिवशी लीलाबाईचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. तेच वाईट.

“सर, तुमी म्हनले का कोनी बटन दाबलं?”

“तसं म्हणजे... शक्यता...”

“मी कोन्तं बटन दाबलं जी? मले तं तुमी बटनच नाई दिलं. माह्या फोनले आकडे हायेत नुसते.”

तिच्याकडे जुना साधा फोन, चौकोन फक्त विलासरावांच्या कॉम्प्युटरवर. हे मला गालाला साबण असतानाही माहीत होतं.

“अकरा बाया हावोत आमी,” ती म्हणाली. “बोडी गेली तं पुन्यांदा टोपली डोक्यावर. ते बी चालते, सवय हाय. पन चोर म्हनून गावात मासोळी कोन घेईन? तुमी एकडाव माह्यासमोर दाबून पाहा ना ते.”

फोन कानालाच ठेवून मी खोलीतल्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम उघडला आणि पहिल्या नंबरचा चौकोन दाबला. तो तर वडशाच्या वाटेवरचा तलाव.

“थांबा,” लीलाबाई म्हणाली. “मधात दुसरा फोन येऊन राह्यला.” मग पुन्हा आली. “तुमचाच आवाज हाय जी. मार्गस्थ म्हन्ते.”

मी सातवा दाबला. “पुन्हा तुमीच,” ती म्हणाली. पंधरावा दाबला. “सर, तुमी तिकडूनबी बोलता अन् इकडूनबी बोलता. एक कोन्तं तरी बंद करा.”

मी फोन ठेवला आणि माझं स्वतःचं लिखाण वाचलं. वाचता वाचता कान गरम झाले.

मी प्रत्येक चौकोनाच्या पोटात तलाव ठेवलाच नव्हता. ठेवली होती ती माझी लाडकी चिठ्ठी. तिच्यात लिहिलेलं, ‘भिंतीवरच्या पाटीवर जो आकडा आहे, त्या नंबरच्या तलावाला फोन कर.’ आणि पाटीवर काय? तर आजवर किती तलाव झाले तो आकडा. चौकोन एकच असताना पाटीवर एक होता, म्हणून पहिला पास. दोन झाल्यावर दुसरा पास. मी नेहमी शेवटचाच दाबून बघायचो, म्हणून मला कधी कळलंच नाही की मागचे सगळे चौकोनही आता त्याच पाटीकडे बघतायत. तेवीस झाल्यावर तेवीसच्या तेवीस चौकोन एका सुरात म्हणत होते, तेवीस, तेवीस, तेवीस. लीलाबाई शेवटी आली, एवढाच तिचा गुन्हा.

खरं सांगतो, पहिला विचार काय आला असेल? की गुपचूप दुरुस्त करून टाकावं. सभेत विचारलं तर म्हणावं, आता ठीक आहे, तेव्हा नेटवर्क नव्हतं. आमच्या जिल्ह्यांत नेटवर्कच्या माथी काहीही मारता येतं. अर्धा दिवस मी त्या विचाराला चहा पाजला. पण ‘चोर म्हणून मासोळी कोण घेईल’ हे काही कानातून जाईना. दुरुस्ती केली नाही. बिघडलेलाच प्रोग्राम घेऊन सभेला गेलो.

सभा संघाच्या कार्यालयात. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, मधे विलासराव आणि कॉम्प्युटर. मी उठून म्हणालो, चूक माझी आहे. कुणावर काही परिणाम झाला नाही. गोमाजीभाऊ म्हणाले, “बाई रडली असन, म्हनून सर बोलून राह्यले.”

“मी नाई रडली,” लीलाबाई म्हणाली. “सरच रडल्यावानी दिसून राह्यले.”

गोमाजीभाऊंनी मुद्दा मांडला. “पहिले बावीस होते तवा काही झालं का? हे तेविसावी जोडली अन् घोळ सुरू झाला. तिचा चौकोन काढा, बास.”

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बाविसावा नंबर कुणाचा आहे. कॉम्प्युटरवर विश्वास नाही म्हणून शेवटपर्यंत नाव न देणारे, आणि लीलाबाईच्या फक्त एक दिवस आधी आलेले.

“काढतो,” मी म्हणालो. लीलाबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घातली. चौकोन पुसला. पाटीवर तेविसाचे बावीस झाले. “आता भाऊ, तुम्हीच या. कोणताही दाबा.”

गोमाजीभाऊ आले, एक बोट पुढे काढून पहिला चौकोन दाबला. त्यांच्याच खिशात फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, पुन्हा खिशात टाकला. पाचवा दाबला. खिसा वाजला. मग नववा, अकरावा, विसावा. शेवटी खिशातून सगळ्या सभेला ऐकू येईल असा माझा आवाज, “आपले मत्स्यबीज मार्गस्थ झाले आहे.”

मागून कुणीतरी म्हणालं, “भाऊ, सगळ्याईचं बीज तुमीच नेऊन राह्यले का जी?”

सभा अशी हसली की विलासरावांच्या तोंडातलं पान सांडलं. लीलाबाई मात्र हसली नाही. ती उठली आणि म्हणाली, “गोमाजीभाऊ चोर नाईत. त्याईनं काही केलं नाई. मीबी नाई केलं.” आणि खाली बसली. हसू बंद झालं.

गोमाजीभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. “मंग गाढव कोन?”

मी हात वर केला. इतक्या तातडीनं मी शाळेतसुद्धा कधी हात वर केला नव्हता.

पण ते हट्टी. म्हणाले, चूक बाईची नाही हे मान्य, पण आता सुधारेल याचा काय भरवसा? शेवटी ठराव झाला: पंधरा दिवसांनी दुसरी खेप यायची आहे, ती ज्याची त्याला पोचली तर बोडी बायकांकडे कायम. पुन्हा घोळ झाला तर बोडीही परत आणि मशीनही बंद. माझ्या चिठ्ठीला आता अकरा बायकांची बोडी बांधलेली.

सभा सुटल्यावर मी लीलाबाईला विचारलं, त्या दिवशी इतक्या थैल्या वेगळ्या कशा ठेवल्या? ती म्हणाली, “चिंधी थैलीलेच बांधली ना. पान्यात थैल्या फिरतेत, जागा बदलवतेत. एक नंबरवाली इथी, दोन नंबरवाली तिथी, असं ध्यानात ठेवलं असतं तं घोळच झाला असता.”

मी चंद्रपूरला येऊन उरलेलं अर्धं पुस्तक उघडलं. तिथं हेच लिहिलेलं होतं, फक्त लुगडं नव्हतं. सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या, पाटी पुसली. सारे तलाव एका यादीत ठेवले आणि प्रत्येक चौकोन बनतानाच त्याच्याशी त्याचा तलाव बांधून टाकला. मग पुढे कितीही चौकोन उगवोत, कुठलाही पुसला जावो, ज्याचं त्याच्याजवळ. एकूण काम दीड दिवसाचं. तीस वर्षं ते न करण्यात गेली होती. चिमूरच्या वनरक्षकालाही फोन करून सांगितलं, तुमची आडवी रेघ बरोबर होती. तो म्हणाला, “सर, ते रोपं आता बेटं झाले.”

यावेळी चौकोन मी उलटे दाबून बघितले, सुलटे दाबले, मधलेच पुसून दाबले. तरी दुसऱ्या खेपेच्या दिवशी लीलाबाईनं निरोप धाडला की सरांनी आमच्या पाळीवर उभं राहायचं. दुसऱ्यांच्या गाड्या आल्या तर सरांनीच परत न्यायच्या.

सकाळी सात वाजल्यापासून मी पाळीवर. बायका रांगेत बसलेल्या, रस्त्याकडे तोंड करून. आठ वाजले, गाडी नाही. माझा जन्म गाड्या येण्याची वाट पाहण्यात गेला, त्या दिवशी मी न येण्याची पाहत होतो. साडेआठ. एक बाई म्हणाली, “येकबी नाई आली.” मी म्हणालो, चांगलं आहे. “आपलीबी नाई आली जी,” ती म्हणाली.

पूर्वी एकटा तेविसावाच बरोबर चालायचा. सगळ्यांचं सुधारता सुधारता नेमकं त्याचंच बिघडलं असलं तर?

लीलाबाईच्या कमरेला फोन वाजला. तिनं तो काढला, कानाला लावला. मी दोन हात अंतरावर उभा, तरी तिनं माझं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि फोनला म्हणाली, “हो जी. या.”

अर्ध्या तासानं गाडी आली. एक. तिच्या मागचा रस्ता मी खूप वेळ पाहिला, धूळ खाली बसेपर्यंत. दुसरी नव्हती.

“सर, पॅन्ट वर करा,” लीलाबाई म्हणाली. थैल्या आधी बंदच पाण्यात ठेवायच्या, आतलं आणि बाहेरचं पाणी एकसारखं होऊ द्यायचं, मगच तोंड सोडायचं, हे तिनं मला शिकवलं. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून एका थैलीची गाठ सोडली. बीज क्षणभर तोंडाशी घुटमळलं आणि माझ्या पायांमधून निघून गेलं. तीस वर्षांत मी बनवलेल्या कुठल्याच गोष्टीला असं पोहताना पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात माझा फोन. गोमाजीभाऊ. त्यांचं बीज त्यांच्या तलावात पोचलं होतं, हे त्यांनी असं सांगितलं जणू माझीच तक्रार करताहेत. मग म्हणाले,

“बाई जवळ हाय का?”

“आहे.”

“तिले म्हना, उन्हाळ्यात मासोळी काढाले त्याईच्याजवळ मोठं जाळं नाई. आमचं घेऊन जाय म्हना.”

मी फोन बाजूला करून लीलाबाईला सांगितलं. बायकांचे हात पाण्यातच थांबले. लीलाबाईनं रिकामी थैली पिळली, घडी घातली, पाळीवर ठेवली.

“त्याईले म्हनावं, नेईन,” ती म्हणाली. “पन फाटकं देऊ नोका म्हनावं.”